ऑपरेटरची बचत आणि मावशींची मोटर

मावशींना कुणी विचारलं, की तुमच्या घरात हल्ली इतका अंधार का हो, तर त्या ओठांत धरलेल्या टाचण्या काढायच्या, "आमच्याकडे दिवा लावायला नवऱ्याची परवानगी लागते," एवढंच म्हणायच्या आणि टाचण्या परत ओठांत धरायच्या. पुढचं सगळं टाचण्यांनाच ऐकावं लागे. ते माणसांनी ऐकलं असतं तर ऑपरेटरना गल्लीतून मान वर करून चालता आलं नसतं.

मावशी म्हणजे साऱ्या गल्लीची मावशी. शिवणकाम करणाऱ्या. पोरवयात वडिलांनी एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणांना बसवलं, तेव्हापासून हातातली सुई सुटली नाही. लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचं लग्न होऊन सून आली, मशीन आपलं चालूच. गल्लीतल्या निम्म्या माणसांची मापं त्यांना तोंडपाठ. नुसतं बघून सांगायच्या, "कंबर वाढली गं तुझी." आणि ते इतकं बरोबर निघायचं, की बायका त्यांच्या खिडकीवरून जाताना पोट आत ओढून जायच्या.

आणि ऑपरेटर म्हणजे त्यांचे यजमान. टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायचे, म्हणून ऑपरेटर. त्यांचं खरं नाव बहुधा मावशींनाही आठवून सांगावं लागलं असतं. दोघांची गाठ पडली तीही टॉकीजमुळेच. टॉकीजचा बाजूचा मखमली पडदा कुणीतरी उसवला होता आणि मॅनेजरने तो ऑपरेटरच्या खांद्यावर टाकून शिंप्याच्या दुकानी पाठवलं. पडदा अजस्र, दुकान खुराड्याएवढं. ऑपरेटर एका कोपऱ्यात अंग चोरून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या सुईवर उजेड बरोबर पडत नाहीये." आणि शिंप्याचा टेबलावरचा दिवा उचलून शेवटच्या टाक्यापर्यंत हातात धरून उभे राहिले. हात भरून आला तरी हलले नाहीत. मावशींना वाटलं, हा माणूस बरा आहे.

"हाच तो माणूस," मावशी आता सुनेला सांगायच्या. "हाच. दिवा धरून उभा राहिला होता. तेव्हा बिल शिंपी भरत होता ना!"

टॉकीज बंद पडली आणि ऑपरेटर घरी बसले, तिथून हे सगळं सुरू झालं. मालकाने खुर्च्या, पंखे, पडदे सगळं भंगारात काढलं. ऑपरेटर हातगाडीवर एक पत्र्याचं कपाट घालून घरी घेऊन आले. कपाटात रिळं. म्हणजे पूर्ण सिनेमा म्हणाल तर एकही नाही. एकाचा पूर्वार्ध, दुसऱ्याचा शेवट आणि तिसऱ्याची नुसती गाणी. दाखवायला यंत्र नाही, पडदा नाही. मावशी म्हणाल्या, "करायचंय काय यांचं?" ऑपरेटर म्हणाले, "करायचं काय म्हणजे? ती रिळं आहेत!" जणू कुणी दारात पोरकं मूल आणून ठेवलंय आणि ही बाई त्याला उपयोग विचारतेय.

कपाट मधल्या खोलीत भिंतीला लागलं. किल्ली ऑपरेटरच्या कमरेला. घरातल्या मांजरीने, तिला सगळे शेठाणी म्हणत, दुसऱ्याच दिवशी कपाटाच्या माथ्यावर बैठक मारली. आधी ती गॅसच्या शेगडीपाशी झोपायची. आता जेवायला खाली उतरायची आणि जेवण झालं की परत वर. मावशींना वाटलं, एवढ्या घरात एक तरी जीव ऑपरेटरच्या बाजूचा आहे तर.

पुढच्या महिन्याचं विजेचं बिल आलं ते चांगलंच फुगून. ऑपरेटरनी ते आधी चष्म्याने वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

"अगं, या घरात वीज जाळतंय कोण?"

"तुम्ही घरी बसल्यापासून वाढलंय," मावशी म्हणाल्या. "दिवसभर पंखा तुम्हाला, टीव्ही तुम्हाला, दोनदा चहा तुम्हाला."

"चहा गॅसवर होतो!"

"मग गॅसचंही वाढलं असेल. ते बघितलंत का?"

हे बोलायला नको होतं असं मावशींना नंतर पुष्कळदा वाटलं. कारण ऑपरेटरनी त्या दिवसापासून बचतीचं खातं हातात घेतलं, आणि रिकाम्या माणसाने हातात घेतलेलं खातं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं.

पहिल्यांदा दिवे गेले. एका खोलीत माणूस असेल तर दुसऱ्या खोलीत दिवा नाही. मग एका खोलीत एकच माणूस असेल तर त्यालाही नाही, त्याने जिथे दोन माणसं असतील तिथे जाऊन बसावं. न्हाणीघरातला बल्ब काढला, कारण आंघोळ सूर्य असताना उरकता येते. ऑपरेटर स्वतः हातात बॅटरी घेऊन फिरायचे, टॉकीजमध्ये उशिरा आलेल्या प्रेक्षकाला खुर्ची दाखवतात तशी. मुलगा कामावरून आला की त्याला बॅटरीच्या उजेडात ताटापर्यंत नेऊन बसवायचे.

"बाबा, मला माझं घर माहीत आहे," मुलगा म्हणायचा.

"पायरी आहे, जपून," बाबा म्हणायचे.

"आणि बॅटरीचे सेल काय झाडाला लागतात?" मावशी मशीनवरून ओरडायच्या.

मग फ्रिज. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचंय ते ऑपरेटरना सांगायचं. ते विचारणार, "दूध? कोणत्या कप्प्यात? डावीकडे की उजवीकडे?" सगळं ठरलं की दार उघडायचं, झडप घालायची, दार बंद. एकदा सून कोथिंबीर काढायला गेली आणि हातात लिंबू आलं, तर म्हणाले, "आता लिंबूच घाल."

पाणी तापवायच्या गिझरवर तर त्यांचा पहाराच बसला. सून आंघोळीला गेली की हे बाहेर उभे. त्यांच्या मते माणसाला जेवढं गरम पाणी लागतं तेवढं तापलं की बाहेरून बटण बंद. एका थंडीच्या सकाळी अंगभर साबण असताना पाणी गार पडलं आणि सुनेने आतून अशी काही आरोळी ठोकली, की शेठाणी कपाटावरून उडी मारून शेजाऱ्यांकडे गेली.

"आई, बाबांना सांगा नाहीतर मी माहेरी जाऊन आंघोळ करून येत जाईन!"

"जा गं बाई," मावशी म्हणाल्या. "येताना माझ्यासाठी एक बादली आण."

मुलगा आणि सून दोघांनी मिळून एकदा ऑपरेटरना समोर बसवून समजावलं. ऑपरेटरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावणं संपेपर्यंत पंखा बंद ठेवला.

गंमत अशी, गंमत म्हणायची झाली तर, की एवढं सगळं करून बिल उतरेना. म्हणजे एक महिना थोडं उतरलं, ऑपरेटर गल्लीभर छाती काढून फिरले. थंडी पडली, हवा धुक्याने ओलसर झाली, आणि बिल परत वर. पूर्वीपेक्षाही वर. घरात दिवा नाही, पंखा नाही, टीव्ही नाही, माणसं सापडेल त्या खिडकीत बसून जेवतायत आणि बिल मात्र दिवाणखाना झगमगत असल्यासारखं. ऑपरेटर दिवसभर बोटांवर हिशेब करत बसले. सगळं वजा करून खाली उरलं ते एकच. मावशींचं मशीन.

मावशींच्या मशीनला मोटर होती. गुडघा धरायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमाईतून ती बसवून घेतली होती. पायाने हलकेच दाबलं की मशीन धावायचं. त्या मोटरवर त्यांचं सगळं काम उभं होतं.

मावशी दुपारी जरा लवंडल्या होत्या. उठून बघतात तर मशीनची मोटर गायब आणि जागी जुना चामड्याचा पट्टा चढवलेला. खालचा पायाने हलवायचा पायटा तेलपाणी करून तयार.

"अहो! माझी मोटर?"

"कपाटात ठेवलीय. कुलपात. एक महिना पायाने चालव. बिल उतरलं तर दोष मोटरचा, नाही उतरलं तर मी स्वतः बसवून देतो."

"आणि माझा गुडघा?"

"व्यायाम होईल."

मावशींच्या तोंडात त्या वेळी टाचण्या नव्हत्या. त्या जे बोलल्या ते सुनेने स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन ऐकलं.

ओढवलं असं, की त्याच आठवड्यात बँडमास्तर आला. बँडमास्तर म्हणजे वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचा म्होरक्या, पोट नगाऱ्यासारखं, बोलणंही तसंच. त्याला सगळ्या ताफ्याचे नवे कोट हवे होते. जाड लाल कापड, आत अस्तर, गळा ताठ राहायला आत बक्रमचं जाड कापड, छातीवर सोनेरी फीत. असं काम मावशींकडे वर्षानुवर्षांत आलं नव्हतं.

"मावशी, वेळेवर द्या म्हणजे झालं," बँडमास्तर म्हणाला. "आमच्यातले निम्मे म्हणतायत तयार कोट घेऊ या, दुकानात टांगलेलेच आहेत. मी म्हटलं, नाही, मावशींच्या हातचे. पण उशीर झाला तर मग माझंही चालणार नाही. आणि एकदा का पोरांना दुकानाची सवय लागली, की पुढेही तिकडेच जातील."

"देते," मावशी म्हणाल्या. शब्द गेला.

पहिला कोट पायाने शिवला. जाड कापडाचे चार पदर आले की सुई अडायची, पाय जोर मागायचा, गुडघ्यातून कळ थेट दातांपर्यंत. दुसऱ्या कोटाला गुडघा सुजला. तिसरा अर्ध्यावर राहिला. इस्त्रीलाही ऑपरेटरची अट होती, की सगळं एकदम करायचं, इस्त्री पुन्हा पुन्हा तापवायची नाही. आता शिवण उलगडून दाबल्याशिवाय पुढची शिवण घालता येत नाही, हे कोट शिवणाऱ्या बाईने सिनेमा दाखवणाऱ्याला कसं सांगावं? ओलं केलेलं बक्रम वाळायला मावशी कपाटावर मांजरीशेजारी पसरून ठेवायच्या. तिथे ते भराभर वाळायचं. का, हा विचार करायला त्यांना फुरसत कुठे होती!

"अहो, किल्ली द्या," त्या रोज म्हणायच्या.

"महिना होऊ दे."

"महिना होईपर्यंत बँडमास्तर तयार कोट घालून वाजवत सुटेल!"

"मग कळेल तरी बिलाचा चोर कोण ते."

नवरा चोर शोधतोय आणि बायकोचं आयुष्यभराचं काम हातातून चाललंय. सुजल्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवावी, तर पाणी तापवायला अर्ज करा. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. एकदा वाटलं, कुऱ्हाड आणून कपाटच फोडावं. पण कुऱ्हाड नव्हती आणि कापायची कात्री पत्र्यावर बोथट करण्याइतक्या त्या वेड्या नव्हत्या.

शेवटी बिल आलं. महिनाभर मोटर कुलपात, तरी आकडा होता तिथेच. मावशींनी हात पुढे केला, "किल्ली."

ऑपरेटरनी बिल उलटसुलट करून बघितलं. "याचा अर्थ मीटर खराब आहे," ते म्हणाले. आणि किल्ली न देताच वीज कंपनीच्या कचेरीत गेले.

तिथे त्यांनी काय गोंधळ घातला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते मीटर तपासणाऱ्याला घेऊनच आले. तो बिचारा जेवण अर्धवट टाकून आलेला दिसत होता. घरात थंडी शिरू नये म्हणून ऑपरेटरनी सगळे पडदे ओढून ठेवलेले, त्यामुळे दुपारीही आत संध्याकाळ. मीटरवाला उंबऱ्याला अडखळला. ऑपरेटरनी लगेच बॅटरी मारली, "पायरी आहे, जपून."

मीटरवाला म्हणाला, "घरातलं सगळं बंद करा. फ्रिजसकट. मग मीटरवरचा हा लाल ठिपका लुकलुकायचा थांबला पाहिजे."

"आमच्याकडे सगळं बंदच असतं," सून म्हणाली.

ऑपरेटरनी तरीही खोलीखोलीत फिरून बटणं बघितली, फ्रिजची पिन काढली. सगळे मधल्या खोलीतल्या मीटरभोवती जमले. थोडा वेळ काही नाही. मग लाल ठिपका लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

"बघा!" ऑपरेटरनी टाळीच वाजवली. "बघा! घरात काही चालू नाही आणि हा पळतोय! सांगत होतो की नाही? तरी माझ्यावर डाफरत होतात सगळे!"

मावशी खुर्चीत बसून गुडघा चोळत होत्या. अर्धवट कोट मांडीवर. बँडमास्तर पुढच्या आठवड्यात यायचा होता.

"मेन स्विच पाडतो," मीटरवाला म्हणाला. "तरी लुकलुकला तर मीटर खराब. थांबला तर घरातच काहीतरी चालू आहे."

त्याने हात वर केला तोच ऑपरेटर मध्ये आडवे झाले. "मेन नको!"

"का?"

"मेन पाडायची नसते. कधीच पाडायची नसते."

"अहो काका, तुम्हीच तर बोलावलंत!"

"बाकी काय ते तपासा. मेन नको."

आता मात्र मावशी उठल्या. गुडघ्याची कळ विसरून उठल्या. "सहा महिने आम्हाला आंधळं करून ठेवलंत," त्या म्हणाल्या, "सुनेला साबणात उभं केलंत, माझा पाय मोडलात, आणि आता सगळं एका फटक्यात बंद होतंय तर तुम्हाला नको? तुम्हाला मेन का नको?"

ऑपरेटर मेन स्विचपुढून हलेनात. मावशी तोल सावरायला मागे कलल्या आणि आधाराला हात कपाटावर टेकला. तिथे शेठाणी पसरली होती. तिने नाखुशीने एक डोळा उघडला, जरा सरकली आणि मावशींचा तळवा मोकळ्या पत्र्यावर आला.

पत्रा कोमट नव्हता. चांगला गरम होता. इस्त्री ठेवून उचलल्यासारखा.

मावशींनी मांजरीकडे पाहिलं. मांजरीच्या बाजूला वाळत घातलेल्या बक्रमकडे पाहिलं. मग ऑपरेटरकडे.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या की घरातला प्रत्येक जण एक पाऊल मागे जात असे, "किल्ली द्या."

ऑपरेटरनी किल्ली दिली. दार उघडलं आणि त्या पडदे ओढलेल्या खोलीत असा उजेड आडवा पडला, की मीटरवाल्याने डोळ्यांवर हात घेतला. उजेडाच्या झोतात धूळ नाचत होती. सुनेचा चेहरा, मुलाच्या खुंटीवरच्या कपड्यांची सावली, भिंतीवरचं कोळ्याचं जाळं, सहा महिन्यांत न दिसलेलं सगळं एकदम दिसलं. आत खालच्या कप्प्यात भलामोठा बल्ब रणरणत होता. वर रिळं गोल डब्यांत ओळीने बसलेली. आणि त्यांच्या शेजारी मावशींची मोटर, शेकत.

"हे काय आहे?" मावशी म्हणाल्या.

"रिळांना ओल लागते," ऑपरेटर म्हणाले. "बुरशी धरते. बल्ब ठेवावाच लागतो."

"रात्रंदिवस?"

"केबिनमध्ये तसाच असायचा. मी कामाला लागलो त्याच्या आधीपासून होता, टॉकीज बंद झाली तेव्हाही चालू होता. त्याला बटणच नसतं."

"मग इथेही बटण नाही?"

"इथेही कपाटामागून थेट जोडलाय."

"आणि सगळं बंद आहे असं यांना सांगितलंत?"

"दिवे बंद आहेत ना!" ऑपरेटर म्हणाले, आणि वाईट म्हणजे ते मनापासून म्हणाले. "हा काय दिवा आहे का? याच्या उजेडात कोण बसतं? हा रिळांचा आहे!"

मीटरवाल्याने बल्बवरचा आकडा वाचला. "काका, शंभरचा लावलाय तुम्ही."

"आधी साठचा होता," ऑपरेटर म्हणाले. "धुकं पडायला लागलं, म्हणून..."

सून तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. हसायला की रडायला, ते कळलं नाही. मीटरवाला म्हणाला, मीटर चांगला आहे, मी जेवायला जातो.

मावशींनी लाल कापडाचा तुकडा हाताला गुंडाळला आणि गरम बल्ब पिळून काढला. खोली पुन्हा काळोखी झाली. मीटरचा ठिपका गप्प झाला.

"रिळं खराब होतील गं," ऑपरेटर अंधारातून म्हणाले.

होऊ देत, असं मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. अर्ध्या सिनेमाची रिळं, बघायला यंत्र नाही, त्यांना ऊब आणि घरच्या माणसांना गार पाणी! पण त्या आवाजात काहीतरी असं होतं, की त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आधी माझी मोटर बसवा. आणि पडदे उघडा. मग तुमच्या रिळांचं बघू."

मोटर बसली. अजून गरम होती ती. ऑपरेटरनी पट्टा चढवताना दोनदा बोट चिमटून घेतलं, मावशींनी विचारलंही नाही. मशीन धावायला लागलं तसं चामड्याच्या पट्ट्याच्या चिरचिरीने विटलेलं घर जरा निवांत झालं. इस्त्री हवी तेव्हा तापली. बँडमास्तर आला तेव्हा शेवटच्या कोटाची शेवटची फीत बसत होती. त्याने कोट अंगात घातला, पोटावर बटण लागलं आणि तो आरशात स्वतःकडे इतका वेळ बघत बसला, की मावशींना म्हणावं लागलं, "बाकीच्यांनाही बघायचंय."

उरलेल्या लाल कापडाच्या मावशींनी छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या, त्यात कोळशाचे तुकडे भरले आणि रिळांच्या डब्यांमधून ठेवल्या. दाराच्या फटीत ऑपरेटरनी उजेड बाहेर पडू नये म्हणून कोंबलेल्या चिंध्या काढून तिथे अस्तराची पट्टी चिकटवली. "कोळसा ओल पितो," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा उन्हात टाकायचा. ऊन फुकट आहे, तुम्हाला आवडेल." शेठाणी एक दिवस कपाटावर बसली, पत्रा गार लागला, आणि ती पुन्हा शेगडीपाशी गेली.

तो शंभरचा बल्ब ऑपरेटरनी कुणी न सांगता मावशींच्या मशीनवर टांगला.

"बटण लावलंत ना?" मावशींनी विचारलं.

"लावलंय."

आता एवढ्यावर हा माणूस गप्प बसेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला ऑपरेटर कळलेच नाहीत. पुढचं बिल आलं ते सपाट पडून. ऑपरेटरनी ते खिशात घातलं आणि गल्लीत बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, की बचत कशी करायची ते आमच्या घरी येऊन बघा. घरातले ऐकत नसतात, आपण नेट धरावा लागतो. मीटरवाल्यालासुद्धा आम्हीच दाखवून दिलं. तुमचीही कपाटं एकदा हात लावून बघा, लोकांच्या लक्षात येत नाही, आत काय काय जळत असतं!

मावशी खिडकीपाशी एका गिऱ्हाइकाचं झंपर टाचत होत्या. शब्द न् शब्द ऐकू येत होता. उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक. पण तोंड टाचण्यांनी भरलेलं. त्यांनी बाहेर एकदा डोळे वटारले, हात वर करून बल्बचं बटण दाबलं आणि मोटरवर पाय असा दिला, की गल्लीत ऑपरेटरचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही.